शेप्याचं कलम

संस्थान विलीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या भोरच्या शाळेत टकळ्या आल्या. खोकंभर टकळ्या, पोतंभर कापसाचे पेळू, आणि पोरांना सूत कातायला शिकवणार कोण, तर मी. माझीच निवड का, याचं कारण हेडमास्तरांनी चारचौघांत सांगितलं. "तुम्हांला गणित जमत नाही, कवायत झेपत नाही, गळ्याचं तर बोलायलाच नको. मग उरलं काय?"

उरलं सूत. आणि मी ते मनावर घेतलं. हा माझा जुना रोग. एखादी गोष्ट जमत नाही असं दिसलं की शहाणी माणसं ती सोडून देतात. मी तिचा छंद लावून घेतो. शाळा सुटली तरी माझी टकळी सुटत नसे. बाजारपेठेतून चालताना, नदीच्या घाटावर, लग्नाच्या पंगतीत भात येईपर्यंत, माझी आपली टकळी चालू. सूत निघायचंही. पण कसं, तर वीतभर सुतळी, पुढं वीतभर कोळ्याचं जाळं, आणि दोघांची गाठ पडली की तुकडा. चौथीतली पोरं माझ्यापेक्षा बरं कातायची आणि माझं सूत बघून एकमेकांना कोपरं मारायची.

माझी बायको वेल्ह्याकडची. विंझरच्या पुढं डोंगराच्या पोटात तिचं माहेर. वडील लहानपणीच गेलेले, पाठीला भाऊ नाही. घरात एकटी आई, आणि त्याच घराच्या दुसऱ्या अंगाला चुलता आणि चुलती. तिनं माझ्या सुताची लडी एकदा हातात घेतली, दोन बोटांत ताणून बघितली आणि म्हणाली, "अहो, मी ह्याच्या वाती करते." केल्या. त्या वातींनी तेल पोटभर प्यायलं आणि निरांजनातच आडव्या झाल्या. त्यानंतर लडी खुंटीला गेली आणि मी बागेकडं वळलो.

बाग म्हणजे आमच्या भाड्याच्या घरामागचं परसू. मोरीचं पाणी जिथं जाऊन मुरायचं तेवढीच काय ती ओली जागा. बागकामावरचं एक फाटकं पुस्तक मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं होतं. त्यात आंब्याच्या कलमाची चित्रं होती आणि ती बघून मला वाटलं, हे तर सोपं आहे. कलम करायचं तर आधी खुंट हवा, म्हणजे कुठल्याही आंब्याचं कोयीतून आलेलं धट्टंकट्टं रोप. म्हणून नसरापूरच्या बाजाराच्या दिवशी लोकांनी चोखून रस्त्यात टाकलेले बाठे मी धोतराच्या सोग्यात वेचायला लागलो. एक भाजीवाली बघत होती. "मास्तर, सरकार पगार देत न्हाई का वो तुमाला?" मी तिला खुंटाचं शास्त्र समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेजारणीला म्हणाली, "शिकल्यालं हाय गं, पण असं झालंय."

रॉकेलचे डबे कापून त्यांत मी ते बाठे लावले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भिंतीशी हातहातभर रोपांची रांग उभी राहिली. मी रोज सकाळी रांगेपुढून फिरायचो, वर्गात हजेरी घेतो तसा. पण कलम करायचं कशाचं, हे ठरलं नव्हतं. ते ठरलं माझ्या सासूबाईंच्या मरणानं.

सासूबाईंच्या शेताच्या बांधावर एक आंबा होता. त्यांनी स्वतः लावलेला. लग्न होऊन आल्या त्या वर्षी माहेराहून आणलेली कोय त्यांनी बांधात पुरली होती. फळ लहान, साल जाड, रंग असा काही नाहीच. बाजारात कुणी हात लावला नसता. पण फोडला की शेपूचा वास यायचा. ओल्या, नुकत्याच खुडलेल्या शेपूचा. गोडीच्या आधी तो वास नाकात जायचा, आणि खाऊन झाल्यावर संध्याकाळपर्यंत बोटांना राहायचा. गावात त्याला शेप्या म्हणत. माझ्या बायकोचं माहेर म्हणजे आई आणि हे झाड. वैशाखात आई गेली.

तेरावा झाला आणि चुलतसासऱ्यांनी झाडाकडं बोट दाखवलं. घर वाढवायचं होतं, माळ्याला फळ्या हव्या होत्या. शिवाय झाडाची सावली त्यांच्या भाताच्या रोपांवर पडायची.

बायको म्हणाली, "तात्या, मला वाटणी नको. भांडीकुंडी तुमीच ठेवा. झाड तेवढं राहू द्या." एरवी भोरला ती माझ्यासारखं बोलायची, पण माहेरच्या उंबऱ्यात तिचं बोलणं आपोआप बदलायचं.

"ऱ्हाऊ दे म्हंजी? तू काय हितं येऊन ऱ्हानार हायस का सावलीला?"

"आईनं लावलंय."

"म्हाईत हाय. माज्याच भावाच्या बायकूनं लावलंय न्हवं. म्हनून तर फळ्या घरातच लागत्यात, इकत न्हाई म्या." मग म्हणाले, "दसऱ्यापत्तुर ठिवतो. पावसात कोन कापतंय."

चुलती दारातून पुटपुटली, "उपकारच की." पण तेवढंच.

आता माझा प्रसंग आला होता. मी चुलतसासऱ्यांदेखत बायकोला म्हणालो, "काळजी करू नकोस. तुझं झाड मी उचलून भोरला आणतो." त्या वेळी तिनं माझ्याकडं जसं बघितलं तसं लग्नात अंतरपाट निघाल्यावरही बघितलं नव्हतं. माझ्या डब्यांवर, माझ्या पुस्तकावर तिनं तेव्हा पहिल्यांदा विश्वास टाकला. तो कुणावर टाकतेय हे तिला माहीत असायला हवं होतं. वाती तिनंच वळल्या होत्या.

येताना तिनं त्या वर्षीच्या शेवटच्या आंब्यांचे बाठे पदराला बांधून आणले आणि मोरीच्या ओल्या जागेत पुरले. मी हसलो. म्हटलं, "कोयीतून आई येत नाही. कुणाचे तरी परागकण, कुणाचं तरी काय. शेप्याच्या कोयीतून काय उगवेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कलम म्हणजे तेच झाड, तोच जीव."

"माझ्या आईनं कोयच लावली होती," ती म्हणाली.

"नशीब असतं एकेकाचं," मी म्हणालो.

आषाढात मी त्यातल्या त्यात गुटगुटीत तीन डबे घेऊन निघालो. नसरापूरपर्यंत एसटी, पुढं मिळाली तर बैलगाडी, नाहीतर पाय. वेल्ह्याचा पाऊस काय असतो ते ज्यानं खाल्लाय त्यालाच ठाऊक. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मी झाडाला बांबूचा माच बांधला, त्यावर डबे ठेवले. हे भेटकलम. रोपाची साल तासायची, शेप्याच्या बारीक फांदीची तेवढीच साल तासायची, दोन्ही जखमा एकमेकींना भिडवून केळीच्या सोपटानं आवळून बांधायच्या, वरून शेणमाती. फांदी झाडावरच, रोप डब्यातच. महिन्या-दोन महिन्यांत दोघांचा सांधा जुळला की फांदी झाडापासून कापून घ्यायची आणि सांध्याच्या वरचा रोपाचा शेंडा उडवायचा. म्हणजे पाय रोपाचे, डोकं शेप्याचं.

चुलतसासरे छत्री घेऊन खाली उभे. "जावईबापू, लगीन लावताय जनू ह्यांचं?"

"तसंच म्हणा, तात्या."

"म्हंजी नवरी वरली, नवरा डब्यातला. अन् नवऱ्याचं डोस्कं उडवायचं म्हनता?"

"हो."

"मंग बराबर हाय. लग्नात तसंच असतंय." आणि स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले की छत्री उलटी झाली.

इकडं भोरला श्रावणात बायकोचे बाठे उगवले. तांबूस, चमकदार, कोवळी पानं. पण कलम आल्यावर ते लावायला ओलाव्याची, उन्हाची जागा तेवढीच. म्हणून मी तिला न विचारता ती रोपं उपटली. उपटली ती उपटली, वर त्यातली एक कोय दगडावर घासून मी पुंगी केली. लहानपणी सगळे करायचे. अंकुर फुटलेल्या कोयीचं टोक घासलं की आत दोन दळं सुटतात आणि फुंकली की बकऱ्याच्या आवाजात वाजते. ती धुणं घेऊन आली तेव्हा मी मोरीशी उभा राहून पुंगी वाजवत होतो. तिला हसवायचं म्हणून. उकरलेल्या मातीकडं तिनं बघितलं, माझ्या तोंडातल्या कोयीकडं बघितलं.

"वाजवा अजून," ती म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली.

मला त्याचं फार काही वाटलं नाही. वरती डोंगरात माझी तीन कलमं होती ना.

नवरात्रात गेलो तेव्हा तिनाचं एक झालं होतं. एक धनगरवाड्यावरच्या शेळीनं माचावर पुढचे पाय टेकून खाल्लं, एक पाण्यानं कुजलं. तिसऱ्याचा सांधा मात्र घट्ट जुळलेला. मी फांदी कापली. झाडापासून ती सुटली तेव्हा चीक आला, तो मी शेणमातीनं बंद केला. आता सांध्यावर मातीचा एक गोळा आणि त्यातून वर निघालेले दोन शेंडे, एक शेप्याचा, एक रोपाचा. रोपाचा शेंडा तिथंच उडवला असता तर ही गोष्ट मला लिहावी लागली नसती. पण पुस्तकात होतं, की शेंडा घाईनं उडवू नये, झाड घरी नेऊन सावलीत स्थिरावू द्यावं. घोटाळा नको म्हणून शेप्याच्या शेंड्याला खूण करायचं ठरवलं. खिशात माझ्याच सुताचा कुंकवात भिजवलेला तुकडा होता, मुद्दाम आणलेला.

चुलतसासरे म्हणाले, "त्ये काय टिकतंय? सुतळी देऊ का?"

"नको तात्या. माझ्या हातचं सूत आहे."

हे वाक्य मी मोठ्या डौलात म्हणालो. हातकताईच्या तासाला पोरांपुढं म्हणायचो, तसंच. बांधाच्या खाली कुऱ्हाडी घेऊन दोघं बसले होते. मी माच सोडून खाली उतरलो तसे ते उठले. पहिला घाव मी ऐकला. दुसऱ्याच्या आत ओढ्यापलीकडं गेलो होतो.

नसरापूरला एसटीत चढलो तर कंडक्टर म्हणाला, "झाडाचं तिकीट?"

मी म्हटलं, "लहान आहे, मांडीवर बसेल."

कामथडीचा एक शेतकरी शेजारी होता. त्यानं डबा धरायला हात लावला आणि सगळ्या प्रवासभर विचारत राहिला, की दोन शेंडे का, त्यातला कुठला खरा, मुळात असं करायचंच कशाला. मी समजावत राहिलो. गाडी आदळत होती, त्याची बोटं पानांत फिरत होती, माझीही. गाडीतले सगळे माझं व्याख्यान ऐकत होते आणि मी खूश होतो.

घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला आणि खाली बघितलं, तर लाल सुताचा तुकडा डब्यातल्या मातीत पडलेला. तुटून. बारीक होता तिथं तुटला होता. कोळ्याचं जाळं होतं तिथं.

वरती दोन शेंडे. दोन्ही आंब्याचेच, पानं तीच, देठ तेच. एक ताठ, टवटवीत. दुसरा मान टाकलेला. सांध्याभोवती मातीचा गोळा. बायको दिवा लावून आली होती आणि बाळंतिणीच्या खोलीत डोकावावं तशी डब्यात डोकावत होती.

"कुठला आपला?"

मी विचार केला. खरंच केला, हेच दुःख आहे. म्हटलं, शेप्या जुन्या खोडाचा, डोंगरातला, चिवट. तो ताठच राहणार. बाजाराच्या रस्त्यात वेचलेल्या कोयीचं रोप प्रवासानं मान टाकणार. नुकतं आईपासून तोडलेलं कोण आहे, हा प्रश्न मला सुचला नाही.

"हा," मी ताठ शेंडा दाखवला.

"दोन दिवस थांबा की," ती म्हणाली. "दोन्ही असू द्यात. काय बिघडतंय?"

"सुकलेला ठेवला तर रोग पसरतो," मी म्हणालो. असं पुस्तकात कुठंही नव्हतं. आणि चाकूनं मान टाकलेला शेंडा उडवला. तिनं तो तुकडा उचलून तुळशीच्या मुळाशी ठेवला.

झाड वाढलं. असं वाढलं की माझीच दृष्ट लागावी. तिनं त्याला तांदळाचं धुवण घातलं, उन्हाळ्यात जुन्या धोतराची सावली केली, शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण केलं. मी आल्यागेल्याला ओढत परसात न्यायचो. "बघा खोड, सरळ काठीसारखं! कलमाचा सांधा कुठं दिसतोय का, दाखवा." माणसं वाकून बघायची. कुणालाच दिसायचा नाही. मी म्हणायचो, "ही हाताची सफाई."

भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. तीही ओवाळायची. कलम आणलं त्याच वर्षीपासून चंद्राला ओवाळून झालं की ती तबक घेऊन परसात जायची आणि झाडाला ओवाळायची, बुंध्याला कुंकू लावायची. शेजारणी म्हणायच्या, "काय गं, भावानं काय घातलं?" ती म्हणायची, "घालील की. अजून लहान आहे."

तिसऱ्या वर्षी कलमाला मोहोर यायला हवा होता. चौथ्या वर्षी यायलाच हवा होता. आला नाही. मी कधी हवेला, कधी मोरीच्या साबणाला, कधी जमिनीला बोल लावला. मग एका माघात, ती कधी नव्हे ते ओरडली, "अहो, बाहेर या!" झाड मोहरलं होतं. तिनं मोहोर नाकाशी धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "वास येतोय का?" मी विचारलं. "सगळ्यांच्या मोहोराला सारखाच येतो," ती म्हणाली.

त्या वैशाखात चुलतसासरे डोळे दाखवायला भोरच्या दवाखान्यात आले, बरोबर चुलती. बायकोनं पेंढ्यात अढी घातली होती. सकाळपासून कुणाला हात लावू दिला नव्हता. पाटावर दोघांना बसवलं आणि पहिला आंबा तात्यांच्या हातात दिला. दात पडलेले, त्यांनी तो घोळून, टोकाला भोक पाडून चोखला. चेहरा आंबट झाला. मग हिरड्यांत अडकलेले धागे बोटानं ओढत बसले.

"तात्या?"

"ह्यो आपला न्हाई, पोरी."

"असं कसं? पहिल्या वर्सीचा हाय, म्हणून तसा लागत असंल."

"म्या जल्मभर खाल्लाय त्यो. ह्याला वास कुठं हाय? ह्यो नुसता लोणच्याचा."

चुलती फिस्कारली. "तुमी नका बोलू. कुऱ्हाड कुनाची व्हती?"

"व्हती, माजी व्हती! म्या काय न्हाई म्हनतोय? पन म्या म्हातारं कापलं. ह्या मास्तरानं नवरी मारली अन् नवरा पोसला."

मला वाटलं ते चिडून बोलतायत. पण मी उठून परसात गेलो आणि खोडाशी बसलो. सरळ, काठीसारखं खोड. गुडघ्याच्या उंचीवर एका बाजूला एक गाठ होती, सुपारीएवढी, सालीनं गिळून टाकलेली. इतकी वर्षं मी ती फुटव्याचा डोळा समजत होतो; ते मी उडवलेल्या शेंड्याचं उरलेलं बूड होतं. कलमाच्या खोडाला सांध्यापाशी वळण असतं. खालचा एक, वरचा दुसरा. हे झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एकच होतं. नसरापूरचं. लोकांना वाकवून वाकवून मी माझ्याच चुकीची गुळगुळीत साल दाखवत आलो होतो.

आत आलो तेव्हा ती अढीतला दुसरा आंबा खात होती. धाग्यांसकट, सालीपर्यंत. मी नेहमीसारखं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अशा वेळी मी स्वतःवर एखादा विनोद करतो, लोक हसतात आणि सुटका होते. पुंगीची आठवण झाली आणि तोंड मिटलं.

तिनं कोय ताटात ठेवली. "तुम्ही मान टाकलेला कापलात ना?"

"हो."

"मी थांबा म्हटलं होतं."

"हो."

"मोरीपाशी माझ्या कोया उगवल्या होत्या त्या किती होत्या, आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

"मला आठवतं," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

भांडण झालं नाही. झालं असतं तर मी जिंकायचा नाहीतर हरायचा तरी प्रयत्न केला असता. पुढच्या वर्षी झाड लगडलं, त्याच्या पुढच्या वर्षी फांद्यांना टेकू लावावे लागले इतकं. लोणच्याला असा आंबा नाही, असं अख्खी गल्ली म्हणते. बरण्या घेऊन येतात, मास्तरांच्या हाताला गुण आहे म्हणतात. ती सगळ्यांना पाटीभर देते. आमच्या घरात त्याचं लोणचं कधी घातलं गेलं नाही.

तात्यांच्या त्या भेटीनंतरच्या भाऊबीजेला मी संध्याकाळी परसात जाऊन बुंध्याभोवतीचा पाला झाडून ठेवला. तिला कुंकू लावायला जागा हवी म्हणून. चंद्राची कोर विझत आली होती. तिनं अंगणात उभं राहून कोरीला ओवाळलं, अक्षता टाकल्या, आणि तबकावर हाताचा आडोसा धरून सरळ घरात गेली. परसाचं दार तिनंच लावून घेतलं. मी बाहेरच होतो, झाडाशी, केरसुणी घेऊन.